नाशिकमधलं छोटं दुकान ऑनलाइन न्यायचंय? कागदांपासून कुरिअरपर्यंत सगळं क्रमाने

"ऑनलाइन टाकायचंय, कोणतं ॲप चांगलं?" हा प्रश्न मला मेन रोडच्या भांडीवाल्यापासून येवल्याच्या पैठणीवाल्या ताईंपर्यंत सगळे विचारतात आणि माझं उत्तर दर वेळी एकच, ॲप शेवटी बघू. माझं स्वतःचं काम छोटंच आहे. पंचवटीत घरून बेदाणे, गोडा मसाला आणि चिवडा पॅक करून विकते, आधी ओळखीत, मग व्हॉट्सॲपवर, मग मोठ्या साइटवर, त्यामुळे गाडं कुठे अडतं ते बऱ्यापैकी कळलंय.

लोकांना वाटतं अडचण इंग्रजीची आहे, महागड्या फोनची आहे, भांडवलाची आहे. थोडीफार आहेच, नाही म्हणत नाही. पण प्रत्यक्षात माणूस अडकतो तो भलत्याच ठिकाणी. पॅनवर नाव एक आणि आधारवर दुसरं, ओटीपी जातो गावाकडे असलेल्या भावाच्या फोनवर, बँक खातं सासऱ्यांचं, आणि पाकिटाचं खोक्यासकट वजन किती हे कधी कोणी मोजलेलंच नसतं. हे फक्त आपल्याकडेच असं नाही बरं का. केनियात २००७ मध्ये एम-पेसा सुरू झालं, साध्या बटणाच्या फोनवरून पैसे इकडून तिकडे जायला लागले, पण माल घरपोच द्यायचा म्हटलं की पत्ता, रस्ता आणि परत आलेलं पार्सल हे प्रश्न तिथेही उरलेच. आपल्याकडे यूपीआय २०१६ ला आलं, आज भद्रकालीतला भाजीवालासुद्धा क्यूआर लावून बसतो, तरी तो ऑनलाइन विकतो असं आपण म्हणत नाही. पैसे घेणं वेगळं आणि न पाहिलेल्या माणसाला माल पाठवणं वेगळं.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. कंटाळवाणं आधी, मजेचं नंतर.

१. काय विकायचं ते आधी ठरवा, सगळं दुकान उचलून नेऊ नका

दुकानात चारशे वस्तू असतील तर ऑनलाइनला पाच न्या. कोणत्या? ज्या फुटत नाहीत, लवकर खराब होत नाहीत, वजनाच्या मानाने किमतीला बऱ्या आहेत, आणि ज्या बाहेरच्या माणसाला नाशिकवरूनच हव्या असतात. बेदाणे, मसाले, पैठणी, तांब्या-पितळेची पूजेची भांडी, चांदीच्या छोट्या वस्तू, हे चालतं. ताजी द्राक्षं घरगुती कुरिअरने पाठवायचा नाद नको, वाटेत माल थंड ठेवायची सोय नसेल तर रस गळतो आणि शिव्या आपल्याला. कांद्याचं तर गणितच बसत नाही, पाच किलो कांद्याला कुरिअरच कांद्यापेक्षा महाग पडतं, लासलगावचा असला तरी.

किराणावाल्यांनी साखर-तेल-साबण घेऊन देशभर विकायला उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या भावात तुम्ही मोठ्या गोडाऊनवाल्यांशी भांडू शकत नाही. तुमच्यासाठी व्हॉट्सॲपवर यादी मागवून सिडको किंवा इंदिरानगरमध्ये त्याच संध्याकाळी घरपोच देणं हेच खरं ई-कॉमर्स. पायरी ६ थेट वाचा.

२. नंबर, ईमेल आणि नाव

ही पायरी सगळे उडवतात आणि पुढे तीन ठिकाणी अडकतात.

धंद्यासाठी एक वेगळं सिम घ्या, ते मालकाच्या स्वतःच्या नावावर असू द्या आणि रिचार्ज कधी संपू देऊ नका, कारण बँक, जीएसटी, साइट, कुरिअर सगळ्यांचे ओटीपी त्याच्यावर येणार. एक नवीन ईमेल काढा. पासवर्ड वहीत लिहा आणि वही कपाटात. पुतण्या किंवा भाचा हुशार असतो, पटापट सगळं करून देतो, पण तो स्वतःचा ईमेल टाकतो, स्वतःचा नंबर टाकतो, आणि सहा महिन्यांनी नोकरीला पुण्याला जातो. मग तुमच्या दुकानाच्या चाव्या त्याच्या खिशात. मुलांना मदतीला घ्या जरूर, पण अकाउंट तुमच्याच नंबरवर, तुमच्याच ईमेलवर.

आता नाव. आधार, पॅन आणि बँक पासबुक तिन्ही शेजारी ठेवा आणि अक्षर न अक्षर जुळतंय का बघा. बायकांच्या बाबतीत माहेरचं-सासरचं आडनाव हा घोळ हमखास असतो, पुरुषांच्या बाबतीत वडिलांचं नाव कुठे पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर. जन्मतारीखही बघा. आधारला मोबाइल लिंक नसेल तर आधी तो लिंक करून घ्या, आधार केंद्रात जाऊन होतं. थोडी फी आहे. हे दुरुस्त झाल्याशिवाय पुढे जाऊच नका, कारण पुढचा प्रत्येक फॉर्म हीच तीन नावं एकमेकांशी ताडून बघतो आणि जुळलं नाही की नुसतं "व्हेरिफिकेशन फेल्ड" म्हणतो, का ते सांगत नाही.

३. कागदांची फाइल

एका फाइलमध्ये झेरॉक्स आणि फोनमध्ये स्पष्ट स्कॅन, दोन्ही ठेवा:

- आधार, पॅन, पासपोर्ट साइज फोटो
- धंद्याच्या खात्याचं पासबुक किंवा रद्द केलेला चेक, त्यावर नाव छापलेलं असावं
- जागेचा पुरावा: लाइट बिल, आणि बिल दुसऱ्याच्या नावावर असेल तर भाडेकरार किंवा त्या माणसाचं संमतीपत्र
- गुमास्ता, म्हणजे शॉप ॲक्टचा कागद
- उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी
- जीएसटी असेल तर त्याचं सर्टिफिकेट
- खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी नोंदणीचा कागद

गुमास्त्याबद्दल लोक उगाच घाबरतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार कामगार मोजकेच असतील तर पूर्ण नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते, आणि बँकेत चालू खातं उघडायला ती बहुतेक ठिकाणी चालते.

उद्यम तर पूर्ण फुकट आहे. १ जुलै २०२० पासून सुरू झालंय, आधार आणि पॅनवर होतं, एकही कागद अपलोड करावा लागत नाही. इथला सापळा असा की गूगलवर "उद्यम रजिस्ट्रेशन" टाकलं की वर जाहिरातीत सरकारी दिसणाऱ्या खाजगी साइट येतात, तिरंगा, सिंह, सगळं असतं आणि शेवटी हजार-दोन हजार भरायला सांगतात. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का तेवढं बघा. नसेल तर बाहेर या. आणि आपण कुठे "उद्योग" असा प्रश्न पडला असेल तर, एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत उलाढाल आणि २.५ कोटींपर्यंत गुंतवणूक म्हणजे सूक्ष्म उद्योग, त्यामुळे तुम्ही-आम्ही सगळे त्यात आरामात बसतो. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही २०२१ पासून उद्यम काढता येतं.

४. जीएसटी: भीती किती आणि खरं किती

इथे जरा थांबते, कारण निम्मे लोक इथूनच घरी परत जातात.

नुसता वस्तूंचा व्यापार असेल तर महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. सेवा असेल तर २० लाख. ४० लाख म्हणजे रोजचा गल्ला सरासरी ११ हजारांच्या आत. उलाढालीत करमुक्त मालसुद्धा मोजतात, हे लक्षात ठेवा.

पण मोठ्या साइटवर विकायचं म्हटलं की पूर्वी पहिल्या रुपयापासून जीएसटी लागायचा. छोट्यांसाठी हा मोठाच अडसर होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम सैल झाला: तुमची उलाढाल मर्यादेच्या आत असेल आणि तुम्ही फक्त आपल्या राज्यात विकणार असाल तर जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून एक एनरोलमेंट नंबर घ्या आणि त्यावर विका. कंपोझिशन स्कीमवाल्यांनाही, म्हणजे उलाढालीवर ठराविक टक्क्याने सरसकट कर भरणाऱ्यांनाही, तेव्हापासून राज्यातल्या राज्यात साइटवर माल विकता येतो. अडचण एवढीच की काही साइट हा नंबर घेतात आणि काही अजूनही जीएसटी नंबरच मागतात, त्यामुळे आधी त्यांच्या हेल्पलाइनला विचारून घ्या.

आता यातला खरा सापळा, जो आपल्याकडे जास्त लागतो कारण गुजरात जवळ आहे. सुरत-वापीवरून व्हॉट्सॲपवर ऑर्डर येते, आपण आनंदाने पाठवतो. राज्याबाहेर करपात्र माल विकला की उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. साइटवरून विका नाहीतर फोनवरून. हस्तकलेच्या काही ठराविक वस्तूंना सूट आहे, पैठणी किंवा तांब्याचं हातकाम असेल तर त्या यादीत आपला माल बसतो का ते सीएला दाखवा. बाकीच्यांनी एक तर राज्यातच राहा नाहीतर सरळ नोंदणी करा. नोंदणीला सरकारी फी नाही. जे पैसे जातात ते करून देणाऱ्याचे.

नोंदणी केली की मात्र रिटर्न भरायचेच, विक्री शून्य असली तरी. शून्य रिटर्न उशिरा भरलं तरी दिवसाला २० रुपये लेट फी लागते आणि लोक वर्षभर विसरतात. वर्षाला ५ कोटींच्या आत असाल तर रिटर्न तीन महिन्यांनी भरायची सोय आहे, ती घ्या.

साइटवाले तुमच्या पैशातून दोन कर आधीच कापून सरकारकडे भरतात. एक जीएसटीचा टीसीएस, तो जुलै २०२४ पासून अर्धा टक्का. दुसरा इन्कम टॅक्सचा टीडीएस, तो ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. दोन्ही तुमच्या नावावर जमा होतात, बुडत नाहीत, क्लेम करायचे असतात. "साइट पैसे खाते" म्हणून जी ओरड असते त्यातली थोडी याचीच असते.

आणि ते यूपीआयचं. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयचे आकडे बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, बंगळुरूत दुकानांवर "यूपीआय नाही, फक्त कॅश" अशा पाट्या लागल्या, ते व्हिडिओ आपल्याकडेही फिरले आणि इथले बरेच जण घाबरून क्यूआर काढून बसले. अहो, कर लागतो तो विक्रीला, कॅशने घ्या नाहीतर यूपीआयने. क्यूआर काढून उलाढाल कमी होत नाही, फक्त गिऱ्हाईक कमी होतं. भावाकडून घेतलेले उसने, भिशीचे पैसे, घरभाडं हे सगळं धंद्याच्या क्यूआरवर घेऊ नका, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर विक्री कोणती आणि बाकी काय हे सांगता येईल. वेगळं खातं त्यासाठीच.

५. खाण्याचा माल असेल तर

एफएसएसएआयशिवाय एक पाकीटही बाहेर पाठवू नका. फॉसकॉस नावाच्या सरकारी पोर्टलवर होतं, छोट्यांना साधी नोंदणी आणि मोठ्यांना लायसन्स, तुमची उलाढाल टाकली की तुम्ही कशात बसता ते तिथेच कळतं. १४ आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा.

पाकिटावर अजून काय काय लागतं: मालाचं नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बनवणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, हिरवा ठिपका, पोषणाचा तक्ता. "घरगुती आहे हो" हे कारण साइटवर चालत नाही. लेबलचा नमुना एकदा जाणकाराला दाखवून मगच छापा, हजारभर पाऊच छापून झाल्यावर चूक सापडली तर ते रद्दीत.

चिवड्यावाल्यांनी हे नीट वाचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआयने ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं की माल ग्राहकाच्या हातात पडेल तेव्हा त्याचं किमान ३० टक्के आयुष्य किंवा ४५ दिवस शिल्लक हवेत. आपला तळलेल्या कांद्याचा चिवडा महिनाभरात खवट व्हायला लागतो, आणि पावसाळ्यात तर त्याआधी नरम पडतो. म्हणजे एक तर जाड, ओलावा आत न जाऊ देणारा पाऊच आणि बनवल्या-बनवल्या सील, शिवाय लॅबमधून टिकाऊपणा तपासून घेणं, नाहीतर चिवडा व्हॉट्सॲपवरच ठेवायचा आणि ऑर्डर आली की करायचा. मी दुसरा रस्ता धरलाय. साइटवर माझे फक्त बेदाणे आणि मसाले आहेत, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

६. गूगल मॅप आणि व्हॉट्सॲप बिझनेस

दोन्ही फुकट, दोन्ही आपल्या भाषेत, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच दुकानांना याच्या पुढे जायची गरजच नाही.

गूगलवर दुकानाची नोंद करा, व्हेरिफिकेशनला बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, आतला माल, शटर उघडताना तुम्ही, सगळं एका शॉटमध्ये. दुकानाचं नाव पाटीवर आहे तेच टाका, "नाशिक नंबर वन बेस्ट होलसेल" असली शेपटं जोडली की नोंद अडकते. पिन बरोबर जागी टाका, कानडे मारुती लेन किंवा दहीपुलाच्या गल्ल्यांत तो पंधरा फूट सरकला तरी माणूस मागच्या बोळात जाऊन फोन करतो. वेळा आणि सुट्टीचा वार टाका. २०२७ ला सिंहस्थ आहे, बाहेरून येणारी माणसं दुकान शोधणार ती फोनवरच, तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आत्ता करून ठेवा.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कॅटलॉग टाका, फोटो, भाव, वजन. "आज सुट्टी आहे", "पत्ता पाठवा पिनकोडसकट" अशी उत्तरं क्विक रिप्लायमध्ये सेव्ह करा. लेबल वापरा: नवीन ऑर्डर, पैसे आले, पाठवलं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण मेसेज फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, म्हणून दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे नंबर सेव्ह करायला सांगा. रोज गुड मॉर्निंग पाठवू नका. लोक ब्लॉक करतात आणि बरोबरच करतात.

७. फोटो आणि वर्णन

सकाळी दहाच्या आत, खिडकीजवळ, पांढऱ्या चादरीवर. फ्लॅश बंद. एवढ्यावर साध्या फोनने काम होतं.

तांब्या-पितळेची भांडी आरशासारखी चमकतात, त्यात तुम्ही, पंखा आणि ट्यूबलाइट सगळं दिसतं, म्हणून दोन्ही बाजूंना पांढरे थर्माकोल उभे करा. पैठणीला फिल्टर अजिबात नको. रंग फोटोत गुलाबी आणि हातात राणी निघाला की साडी परत, आणि येताना घडी मोडलेली. पदर, काठ, आणि उलटी बाजू असे तीन फोटो हवेतच, जाणकार बाई आधी उलटी बाजू बघते. हातमाग असेल तरच हातमाग लिहा. पैठणीला जीआय, म्हणजे ठराविक भागातल्या मालाची सरकारी ओळख, मिळालेला आहे पण तो लोगो अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवल्याशिवाय वापरता येत नाही, येवल्यात बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं.

वर्णन इंग्रजीत येत नसेल तर मराठीत बोला, फोनचा माइक टाइप करतो, मग भाषांतर करून घ्या आणि एकदा कोणाला तरी वाचायला द्या, कारण गोडा मसाल्याचं मशीन "स्वीट मसाला" करतं. माल लोक कोणत्या शब्दाने शोधतात ते सगळे शब्द टाका: बेदाणे, मनुका, किसमिस, रेझिन्स, इंग्रजी अक्षरांतली स्पेलिंगसुद्धा. दिल्लीच्या माणसाला बेदाणा म्हणजे काय ते माहीत नाही.

८. वजन, पॅकिंग, कुरिअर

लागणाऱ्या वस्तू: ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा, मोजपट्टी, पाऊच सील करायचं छोटं मशीन, तीन मापाचे खोके, चांगला टेप. लेबल प्रिंटर नंतर घेतला तरी चालतं, सुरुवातीला कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पुरतो.

कुरिअरचे दर टप्प्याने असतात, बहुतेक ५०० ग्रॅमचा टप्पा. तुम्ही अर्धा किलो बेदाण्याचं पाकीट केलं, त्यात पाऊच आणि खोका धरून झालं साडेपाचशे, की भाडं लागलं एक किलोचं. म्हणून एक तर ४०० ग्रॅमचं पाकीट करा नाहीतर ९०० चं. हा एक बदल केला तरी कमिशनच्या घासाघिशीपेक्षा जास्त पैसे वाचतात. दुसरं, हलका पण मोठा माल असेल, जसा चिवडा, तर कुरिअरवाले आकारमानाचं वजन धरतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले बहुतेक ५०००. ३० बाय २० बाय १५ चा खोका म्हणजे १.८ किलो, आत चिवडा अर्धाच किलो असला तरी. खोका मालाला घट्ट बसेल असाच घ्या.

गावाकडच्या पिनकोडला खाजगी कुरिअर कधी कधी जात नाहीत, तिथे स्पीड पोस्ट. पोस्टाला नावं ठेवणारे खूप आहेत पण सुरगाणा-पेठ भागातल्या पाड्यावर पोस्टमनच जातो. पत्ता घेताना पिनकोड, जवळची खूण आणि दुसरा फोन नंबर मागायचाच. मुंबई-पुण्याच्या दुकानदाराला पोतं पाठवायचं असेल तर एसटी पार्सल बघा.

९. हिशोब करा, मग साइटवर जा

कागदावर लिहा. समजा बेदाण्याचं पाकीट ३०० ला विकलं. माल १७०, पाऊच-खोका-टेप १८, शिपिंग ७०, साइटच्या वेगवेगळ्या फी त्यांच्यावरच्या जीएसटीसकट ३०. झाले २८८. उरले १२. जीएसटी नोंदणी असेल तर ३०० मधले ५ टक्क्यांच्या हिशोबाने साधारण १४ रुपये सरकारचे. फीवरच्या जीएसटीचं क्रेडिट धरलं तरी हातात दोन-चार रुपये, आणि यात तुमची मजुरी नाही, परत आलेलं पार्सल नाही. "शून्य कमिशन" अशी जाहिरात बघून उड्या मारू नका, कमिशन शून्य असतं तेव्हा शिपिंग आणि बाकीची फी असतेच, ते पान शेवटपर्यंत वाचा.

मग काय करायचं? दोन पाकिटांचा कॉम्बो, भाव थोडा चढा, किंवा साइटवर फक्त तो माल जो दुसरीकडे मिळत नाही. गणित बसत नसेल तर नका जाऊ, कोणी जबरदस्ती केलेली नाही. बसत असेल तर एकाच साइटने सुरुवात करा, दोन-तीन ठिकाणी एकदम स्टॉक लावला की एकच साडी दोघींना विकली जाते आणि कॅन्सल केली की रेटिंग पडतं. ओएनडीसी हाही एक रस्ता आहे, ती स्वतः साइट नाही, वेगवेगळ्या खरेदी-विक्रीच्या ॲपना जोडणारं नेटवर्क आहे, त्यावर जायला कोणतं तरी सेलर ॲप धरावं लागतं आणि त्या ॲपची फी वेगळी असते, ती आधी विचारा.

पैसे लगेच मिळत नाहीत हेही धरून चला. डिलिव्हरी झाल्यावर काही दिवसांनी खात्यात येतात. दिवाळीत माल रोख घ्यायचा आणि पैसे नंतर यायचे, यात हातातलं भांडवल अडकतं, म्हणून ऑर्डर येतायत म्हणून कर्ज काढून माल भरू नका.

१०. परत येणारा माल

येणारच. कॅश ऑन डिलिव्हरीत जास्त येतो, दारात माणूस म्हणतो "मी मागवलंच नाही". सुरुवातीला जिथे सोय असेल तिथे आधी पैसे भरणाऱ्यांच्याच ऑर्डर घ्या. पॅक करताना व्हिडिओ काढा: माल, वजनकाट्यावरचा आकडा, सील, लेबल, एका शॉटमध्ये. परत आलेलं पार्सल उघडतानाही व्हिडिओ. पैठणीच्या जागी जुनी साडी आली तर क्लेमला हाच पुरावा, आणि क्लेमची मुदत फार थोडी असते, पार्सल आलं त्याच दिवशी उघडा.

११. फसवणूक

- पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोणी "हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील" म्हणाला की फोन ठेवा.
- स्क्रीनशॉटवर माल देऊ नका. खात्यात जमा झाल्याचा मेसेज किंवा साउंडबॉक्स, नाहीतर ॲप उघडून बघा.
- "देवळाली कॅम्पमधून बोलतोय, लष्करी अधिकारी आहे, शंभर पाकिटं पाहिजेत, आमची पेमेंटची पद्धत वेगळी आहे" हा फोन येतो. ओळखपत्राचा फोटोही पाठवतात. गणवेशाच्या फोटोला भुलू नका.
- "तुमचं सेलर अकाउंट बंद होणार, हे ॲप टाका" असं म्हणणाऱ्याला तुमच्या फोनचा ताबा हवा असतो.
- "महिन्याला अमुक ऑर्डर गॅरंटी" म्हणून आगाऊ पैसे मागणारे एजंट.

पैसे गेलेच तर लाजू नका, पहिल्या तासात १९३० वर फोन करा, जितकं लवकर तितकी रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त.

१२. कुठे विचारायचं आणि कधी सुरू करायचं

सातपूर रोडला आयटीआय सिग्नलजवळ उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आहे, सरकारी योजना आणि उद्यमची शंका तिथे विचारा, पैसे लागत नाहीत. जाताना पायरी ३ ची फाइल न्या आणि शक्यतो सकाळी जा. जीएसटीसाठी एखादा जवळचा सीए किंवा कर सल्लागार धरा, वर्षाची फी आधीच ठरवून घ्या, आणि जीएसटी पोर्टलचा युजरनेम-पासवर्ड तुमच्याकडेही असला पाहिजे, नुसता त्याच्याकडे नाही. बचत गटातल्या ताईंनी प्रत्येकीने वेगळं काढण्यापेक्षा गटाच्या नावाने करता येतं का ते आधी बघा, लेबल आणि पाऊचचा खर्च वाटला जातो.

दिवाळीची विक्री डोळ्यासमोर असेल तर जूनमध्ये नावं आणि नंबर नीट करायला घ्या, जुलैत उद्यम आणि एफएसएसएआय, ऑगस्टमध्ये लेबल आणि फोटो. सप्टेंबरमध्ये पाच-दहा पार्सल मुंबई, नागपूर, कोल्हापूरच्या नातेवाइकांना खरोखर कुरिअर करून बघा, पार्सल कसं पोचलं त्याचा फोटो मागवा. पितृपक्ष संपला की साइटवर लिस्टिंग चालू करा. बेदाणेवाल्यांचा हंगाम वेगळा, नवा माल उन्हाळ्याच्या तोंडावर येतो, त्यांनी कागद डिसेंबरमध्येच पूर्ण करून ठेवावेत आणि पाऊचची ऑर्डर जानेवारीत द्यावी, नंतर छपाईवाल्यांकडे लग्नपत्रिकांची गर्दी असते.